धाकटीची सूर्यमाला

शुक्रवार, १० फेब्रुवारी. पहाटे धुकं, नंतर लख्ख ऊन. नळाला पाणी उशिरा आणि गढूळ. तुरटी फिरवून ठेवलं. दूधवाल्याने पुन्हा पातळ दूध घातलं, त्याला बोलले. दुपारी स्वेटरची बाही उसवून पुन्हा विणायला घेतली. उद्या खाली धाकटीच्या बालवर्गाची सूर्यमाला आहे. मोठ्या शाळेच्या मॅडम पाहायला येणार. धाकटीने या वर्षी तीन सूर्य केले आहेत.

शेवटचं वाक्य थोरलीने लिहिलं, पुन्हा वाचलं आणि त्याखाली रेघ मारली. सिस्टरांच्या शाळेत असल्यापासून ती रोजनिशी लिहीत आली होती, पण रेघ मारायची वेळ तिच्यावर क्वचितच आली. नवरा गेला त्या दिवशीही तिने रेघ मारली नव्हती. माणसं जातात, हे सृष्टीच्या नियमाला धरून आहे. तीन सूर्य कुठल्याच नियमाला धरून नव्हते.

आता हे तीन सूर्य कसे उगवले ते सांगायचं, तर आधी धाकटी काय चीज आहे ते सांगावं लागेल.

घर दुमजली. वर थोरली, खाली धाकटी. दोघी सख्ख्या जावा, दोघींचे नवरे आता भिंतीवर, फोटोत. घर थोरलीच्या नावावर होतं, कारण ते तिच्या नवऱ्याने बांधलं होतं. धाकट्या भावाने बांधलं असतं तर त्याला जिना घालायचं राहून गेलं असतं, असं थोरलीचं मत होतं आणि ते तिने कधी लपवलं नव्हतं.

धाकटी लग्न होऊन या घरात आली ती दोनच शब्द घेऊन. 'हो ना.' सासूने विचारलं, "स्वयंपाक येतो ना गं?" "हो ना." येत नव्हता. मोठ्या दिरांनी विचारलं, "पहाटे उठायची सवय आहे ना?" "हो ना." नव्हती. भाजीवाल्याने नासके टोमॅटो पुढे करून "ताजे आहेत, घ्या" म्हटलं, तरी ही "हो ना" म्हणून पिशवी पुढे करायची. पहिल्या वर्षाच्या आतच थोरलीने तिचं नाव ठेवलं, होयबाई. घरात सगळे हसले. धाकटीला विचारलं, "आवडलं का नाव?" ती म्हणाली, "हो ना."

थोरलीला या बाईचा राग यायचा असं म्हणणं बरोबर होणार नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. धाकटीच्या डोक्यात भुसा आहे, एवढंच तिने एकदा ठरवून टाकलं आणि पुराव्याला कधी तोटा पडला नाही. रोजचाच पुरावा म्हणजे फडकी. वर्गातल्या फळ्याची, रंगांची, सांडलेल्या पाण्याची ओली फडकी धाकटी जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकायची. थोरलीला येताजाता त्या ओल्या चिंध्यांवर हात पडला की शिसारी यायची. "अगं, कठड्यावर फडकी टाकू नकोस." "हो ना, वहिनी." दुसऱ्या दिवशी फडकी तिथेच. "अगं, काल काय सांगितलं?" "हो ना, चुकलंच." तिसऱ्या दिवशी आणखी एक जास्त. माणसाला विसरायचा रोग असतो, पण इतका?

बालवर्ग सुरू झाला तोही असाच. धाकटीचा नवरा कारखाना बंद पडल्यावर घरी बसला होता. शेजारणीने आपलं पोर आणून दारात उभं केलं, "जरा सांभाळशील का गं दुपारपर्यंत?" "हो ना." मग दुसरी आली, मग तिसरी. आजारी सासूने अंथरुणातून बजावलं होतं, "पोरांचा बाजार भरवू नकोस घरात." तिलाही धाकटी "हो ना" म्हणाली होती. सासू गेली आणि पुढच्या खोलीत बाजार भरला. भिंतीवर अक्षरं चिकटली, कोपऱ्यात ठोकळ्यांची टोपली आली, दाराशी इवल्या चपलांची रांग लागली, आणि धाकटी 'बाई' झाली.

त्या खोलीत ती अनेक वर्षं काय शिकवत होती ते देव जाणे. पण दर हिवाळ्याच्या शेवटी ती मुलांची सूर्यमाला करायची, आणि त्या सूर्यमालेचा प्रत्येक ऱ्हास थोरलीने जिन्यावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मधे एक सूर्य, भोवती ग्रह. मग एका वर्षी बुधाची आई आली. "आमच्याच बाळाला सगळ्यात लहान चेंडू का? तो आधीच बारीक आहे." धाकटीने सगळे ग्रह एका मापाचे केले. शुक्राच्या आईला कळलं की शुक्र फार तापलेला असतो. "आमची मुलगी मुळीच तापट नाही हो." शुक्राला थंड निळा रंग मिळाला. शनी तर नावामुळेच कोणाला नको होता, पण शनीचं कडं मात्र सगळ्यांना हवं होतं. तेव्हा धाकटीने शनी काढून टाकला आणि कडं सगळ्यांना दिलं. आभाळातला हरेक ग्रह कमरेला प्लास्टिकची रिंग अडकवून फिरू लागला. आया खूश झाल्या.

पृथ्वी होण्यात कोणालाच रस नव्हता. "पृथ्वीत काय विशेष? तिच्यावर तर आपण राहतोच," असं एक बाप म्हणाला, आणि या विनोदावर स्वतःच पुष्कळ हसला. म्हणून पृथ्वी दर वर्षी अशा मुलाच्या वाट्याला यायची, ज्याच्या घरचं कोणी तक्रार करायला येणार नाही. या वर्षी ती इस्त्रीवाल्याच्या मुलीकडे आली.

राहिला सूर्य. या वर्षी औषधांच्या दुकानदाराने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, आमचा मुलगा सूर्य." "हो ना." मग दातांची डॉक्टरीण आली. "सूर्याचा रोल आमच्या छकुलीलाच. तिचे केसही सोनेरीच आहेत, बघा ना." "हो ना." त्या केसांना सोनेरी म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. शेवटी कंत्राटदार आला, आपल्या नातवाचं बोट धरून. तो विचारायला आलाच नव्हता. तो जरीच्या कागदाची झळाळती टोपी शिवूनच घेऊन आला होता. "हो ना," धाकटी म्हणाली. आणि झाले तीन सूर्य.

या वर्षी या सगळ्या पोरखेळाला एक वजन होतं. वर्गातली मुलं कमी होत चालली होती. मोठ्या शाळेची पिवळी बस थेट गल्लीत येऊ लागल्यापासून निम्मे बाप तिकडे वळले होते. आता त्याच मोठ्या शाळेला अशा लहान वर्गांना आपल्या शाखा करून घ्यायचं होतं. त्यांच्या मॅडमनी सूर्यमाला पाहून पसंती दिली, आणि घरमालकिणीने खोली द्यायच्या कागदावर सही केली, की वर्ग त्याच खोलीत चालू राहणार आणि धाकटी त्यात बाई म्हणून राहणार. दोन्हींपैकी एक जरी हुकलं तर वर्ष संपताच कुलूप. धाकटीला दुसरं काही येत नव्हतं. हे तरी कितपत येतं, अशी थोरलीला शंका होती. पण संपूर्ण दिवस रिकामं बसून राहायला धाकटीला नक्कीच येणार नव्हतं, एवढं थोरलीलाही दिसत होतं.

तो सहीचा कागद धाकटीने आठवड्यापूर्वी वर आणून ठेवला होता. सही करा, असं ती म्हणाली नव्हती. चहाच्या गाळणीखाली ठेवून गेली होती, जणू वाऱ्याने उडून आला.

शनिवारी सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. थोरली आपली खुर्ची घेऊन जिन्याच्या खालच्या वळणावर बसली. तिथून सगळं दिसायचं आणि कोणाशी बोलावं लागायचं नाही. आईबाप आले, आणि बसायच्या आधीच त्यांनी मोबाईल वर धरले. मोबाईल वर धरलेला माणूस काहीच पाहत नाही, हे थोरलीचं जुनं निरीक्षण होतं. मोठ्या शाळेच्या मॅडम आल्या, त्यांच्यापुढे त्यांचं अत्तर आलं.

"हे मधे तिघं कोण उभे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"सूर्य," धाकटी म्हणाली.

"तिघंही?"

"हो ना. एक सकाळचा, एक दुपारचा, एक संध्याकाळचा."

थोरलीने डोळे मिटून घेतले. आता मॅडम काय ते सुनावतील, या आशेने पुन्हा उघडले. मॅडम मान डोलावत होत्या. "वा! म्हणजे दिवसाचे प्रहरपण त्यातच शिकवून होतात." आणि त्यांनी कसली तरी टीप टिपून घेतली.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आड आणि पोहरा एकमेकांचं कौतुक करत होते.

धाकटीने टाळ्या वाजवून ताल धरला. ग्रह रिंगा सावरत निघाले, एकमेकांवर आपटले, पुन्हा निघाले. मंगळाची रिंग सुटून फाटकापर्यंत घरंगळत गेली आणि मंगळ तिच्यामागे गेला, तो परत आलाच नाही. मग पृथ्वी निघाली. इस्त्रीवाल्याची मुलगी, छातीवर निळा पुठ्ठा, अंगावर गल्लीतला सर्वांत कडक इस्त्रीचा फ्रॉक. ती सकाळच्या सूर्याभोवती, म्हणजे डॉक्टरणीच्या छकुलीभोवती, नीट फिरू लागली.

"माझ्याभोवती ये ना!" दुपारचा सूर्य ओरडला. तो कंत्राटदाराचा नातू.

"अगं ए पृथ्वी, आमच्याकडेपण बघ की!" कंत्राटदार खुर्चीतून म्हणाला, आणि सगळे हसले.

पृथ्वी दुपारच्या सूर्याकडे वळली. संध्याकाळचा सूर्य रडवेला झाला. पृथ्वी त्याच्याभोवती गेली. सकाळच्या सूर्याने तिचा फ्रॉक धरला. ती इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरली, आणि अंगणाच्या मधोमध फतकल मारून बसली.

"ऊठ गं बाळा," धाकटी म्हणाली.

"आधी सांगा, कोणाभोवती फिरू?"

"सगळ्यांभोवती थोडं थोडं फीर."

मुलीने तिन्ही सूर्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग दोघांकडे बोट करून म्हणाली, "तुम्ही दोघं मावळा ना. मला चक्कर येते."

"मी नाही मावळणार," दुपारचा सूर्य म्हणाला. "आजोबा व्हिडिओ काढतायत."

पण सकाळच्या सूर्याला ही कल्पना पटली. छकुली अंगणात आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

"ऊठ!" डॉक्टरीण किंचाळली. "आत्ताच्या आत्ता ऊठ, फ्रॉक मळेल! बाई, माझ्या मुलीला मावळायला सांगणारी ही कोण?"

"मी पृथ्वी," इस्त्रीवाल्याची मुलगी म्हणाली.

तिथे जमलेल्या सगळ्या शहाण्यांत त्या क्षणी एकाच व्यक्तीला सूर्यमाला कळली होती. ती जमिनीवर बसलेली होती आणि तिचं डोकं गरगरत होतं. थोरलीला हसू आलं. ते तिने नाकातूनच परतवलं.

कार्यक्रम टाळ्यांत संपला, कारण टाळ्या वाजवल्याशिवाय खाऊ मिळणार नव्हता. मॅडम जिन्यापाशी येऊन धाकटीशी बोलल्या. इस्त्रीवाल्याची मुलगी पुठ्ठा काढत हातभर अंतरावर उभी होती. लहान मुलांना कान नसतात अशी मॅडमची समजूत असावी.

"छान, बाई. कोणी मागे राहिलं नाही, हे मला फार आवडलं. आमच्याकडून पसंती समजा. फक्त ती पृथ्वी... उलटून बोलते जरा. पुढच्या वेळी दुसरी घ्या. फोटोत उठून दिसेल अशी."

"हो ना," धाकटी म्हणाली.

मुलीने पुठ्ठा पायरीवर ठेवला आणि ती चपला शोधायला गेली.

थोरली खुर्ची घेऊन वर निघून आली. मऊ लागलं म्हणून लोक कोपराने खणतात, हे तिला ठाऊक होतं. पण खणणाऱ्याच्या हाती स्वतःहून पहार देणारी जमीन तिने ही एकच पाहिली होती. गाळणीखालचा कागद तिने काढला, चष्मा लावला, आणि पेनाला टोपण तसंच ठेवून ती धाकटीची वाट पाहत बसली.

उन्हं कलल्यावर धाकटी आली. केसांत जरीच्या कागदाचे तुकडे होते.

"वहिनी, चहा टाकू?"

"चहा राहू दे. बस." थोरलीने कागद दोघींच्या मधे ठेवला. "आम्हाला सिस्टरांनी सूर्यमाला शिकवली तेव्हा टेबलावर एक संत्रं ठेवलं होतं. म्हणाल्या, हा सूर्य. मग एक टाचणी घेऊन त्या चालत चालत वर्गाच्या पार मागच्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या टाचणीचं डोकं म्हणजे पृथ्वी, आणि तुम्ही सगळ्या यावर आहात. त्या दिवसापासून मी आभाळाकडे पाहताना उगाच तोऱ्यात पाहिलेलं नाही. संत्रं किती होती?"

"एकच की."

"एकच. मी सही करते. पण एक अट आहे. पुढच्या वर्षी सूर्य एकच."

धाकटीने केसांतला एक जरीचा तुकडा काढला, पाहिला आणि बोटाला चिकटवून ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

थोरलीला वाटलं, खाली कोणीतरी बोललं.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं, वहिनी. ते नाही जमायचं."

इतकी वर्षं या बाईच्या तोंडून एक 'नाही' ऐकायला थोरलीचे कान आतुर होते. भाजीवाल्याला नाही, सासूला नाही, कंत्राटदाराला नाही, त्या अत्तरवाल्या मॅडमला नाही. आणि पहिलं 'नाही' निघालं ते थोरलीला, आणि तेही तीन सूर्यांसाठी!

"तुला लाज नाही वाटत? पोरांना धडधडीत खोटं शिकवतेस?"

"वाटते ना. पण एक सूर्य ठेवला तर दोन सूर्यांचे आईबाप बसकडे जातात, त्यांच्या मागोमाग ग्रह जातात. मग त्या एका सूर्याला खोलीत घेऊन मी एकटी बसू? पहिलीत गेल्यावर कोणीतरी सांगेलच त्यांना, सूर्य एक आहे म्हणून. पण वर बघायचं असतं, हे कोण सांगणार? तो दुपारचा सूर्य काल मला विचारत होता, रात्री आम्ही तिघं कुठे झोपतो? आता हे पोर आयुष्यात दुसरं काही करो न करो, पण याचं उत्तर शोधणार."

"शोधलं की तुलाच नावं ठेवील."

"ठेवू दे की."

थोरलीने दुसरीकडून धरलं. "आणि ती पृथ्वी? एवढं एक डोकं होतं त्या घोळक्यात, तर तिला काढायला हो म्हणालीस. तिच्या देखत!"

"काढणार कुठे? पृथ्वी तीच राहील. मी लगेच तिच्या घरी जाऊन सांगून आले. पुठ्ठापण देऊन आले."

"अगं, पण तू त्या मॅडमना हो म्हणालीस!"

धाकटी हसली. उपहासाने नव्हे, लहान मुलाच्या नाकाला फडकं लावताना हसावं तशी. "मी सगळ्यांनाच हो म्हणते, वहिनी. तुम्हालापण म्हणते. फडकी कुठे आहेत?"

थोरलीने खिडकीतून पाहिलं. फडकी कठड्यावर होती. रंगाची, फळ्याची, सांडलेल्या पाण्याची. वाऱ्यावर निवांत हलत होती, आणि बालवर्ग सुरू झाल्यापासून तशीच हलत आली होती.

न येणारा स्वयंपाक ती सासूच्या नाकावर टिच्चून न येताच ठेवून बसली होती. पहाटे कधी उठली नव्हती. पोरांचा बाजार भरवला होता. एकालाही ताकास तूर लागू न देता या बाईने आयुष्यभर स्वतःच्या मनासारखंच केलं होतं. थोरली मात्र प्रत्येक गोष्टीला ठणकावून 'नाही' म्हणाली होती, आणि नंतर ती प्रत्येक गोष्ट तिने केली होती.

त्यामुळे थोरलीला धाकटीबद्दल आदर वाटू लागला, असं कोणी समजू नये. मूर्ख म्हणून तुच्छ मानत होती, ती आता लुच्ची म्हणून मानू लागली. एवढाच फरक. उलट मूर्खाला निदान माफी असते. पण लुच्च्या माणसाशी व्यवहार करता येतो, मूर्खाशी येत नाही. थोरलीने पेनाचं टोपण काढलं आणि सही केली, सिस्टरांनी वळण दिलेल्या स्वच्छ अक्षरात.

"घे. तीन ठेवायचे तर ठेव. पण एका वेळी एकच उगवेल, बाकीचे दोन खाली झोपतील. त्या मुलीने सांगितलं तसं. आणि त्या डॉक्टरणीला सांग, फ्रॉक धुता येतो."

"हो ना, वहिनी," धाकटी म्हणाली, कागदाची घडी करून उठली आणि चहा टाकायला गेली.

थोरली तिच्या पाठीकडे पाहत राहिली. या 'हो ना'ची किंमत काय, ते आता तिला ठाऊक झालं होतं.

संध्याकाळी दिवा लावून तिने रोजनिशी उघडली. धाकटीच्या कागदावर सही केली, एवढं लिहिलं. रेघ मारली नाही. त्याखाली लिहिलं: कठड्यावर आजही ओली फडकी. अंधार पडायच्या आत वाळली, म्हणून घड्या करून खाली दिली.